बॅगा तपासणाऱ्यांनी एकत्र येऊन बोलणी करायची नाहीत का? (विमानतळ सुरक्षा आणि युनियन)

धानोरीकर :
मंडळी नमस्कार. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, त्यामुळे विमानतळ म्हटलं की धानोरी-लोहगावची माणसं आवाज, ट्रॅफिक आणि पुरंदरचं नवं विमानतळ कधी होणार एवढंच बोलतात. मला आज तिथे गेटवर आणि एक्सरे मशीनवर उभं राहणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंय. थोडं लांबेल, वाचा प्लीज.

सुरुवात अमेरिकेपासून करतो कारण तिथे हा वाद अगदी उघड्यावर चाललाय. तिथे विमानतळावर तपासणी करतात ते टीएसए नावाच्या सरकारी खात्याचे लोक. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नोव्हेंबरात कायदा करून हे खातं उभं केलं, त्याआधी विमान कंपन्यांनी लावलेल्या खाजगी ठेकेदारांची माणसं असायची. त्या कायद्यातच एक कलम असं आहे की या तपासनिसांच्या नोकरीच्या अटी खात्याचा प्रमुख ठरवेल. मग २००३ च्या जानेवारीत तेव्हाच्या प्रमुखाने आदेश काढला की यांना युनियनमार्फत बोलणी करता येणार नाहीत, कारण काय तर देशाची सुरक्षा. २०११ ला पुढच्या एका प्रमुखाने मर्यादित हक्क दिला, मतदान झालं, एएफजीई ही युनियन निवडून आली आणि २०१२ मध्ये पहिला करार झाला. २०२४ च्या मे महिन्यात सात वर्षांचा नवा करार झाला, आधीच्यापेक्षा बराच मोठा. आणि त्याला वर्षही झालं नव्हतं तर मार्च २०२५ मध्ये गृहसुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांनी तो रद्द केल्याचं जाहीर केलं. साधारण ४७ हजार लोकांचा करार! युनियन कोर्टात गेली, सिॲटलच्या न्यायाधीश मार्शा पेचमन यांनी जूनमध्ये स्थगिती दिली, डिसेंबरात सरकारने जानेवारी २०२६ पासून करार बंद असं परत जाहीर केलं आणि कोर्टाने परत अडवलं.

म्हणजे एका साहेबाच्या सहीने हक्क मिळतो, दुसऱ्याच्या सहीने जातो. असल्या हक्कावर माणूस घराचं कर्ज काढेल का, मुलांच्या फीचा हिशोब करेल का?

मी स्वतः भोसरीत एका कंपनीत युनियनच्या कमिटीवर होतो. मागणीपत्र दिलं की मॅनेजमेंट आधी टाळते, मग टेबलावर येते, महिनोन्‌महिने ताणाताणी चालते, कँटीनपासून बसच्या रूटपर्यंत सगळं निघतं आणि शेवटी करारावर सह्या होतात. माझ्या काळात आमचे सगळे करार संप न करता झाले. म्हणून मला हे पटतच नाही की सुरक्षेचं काम आहे म्हणजे बोलणी नकोत. बोलणी करण्याचा हक्क आणि संप करण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुरक्षेचं नाव निघालं की दोन्ही एकत्र करून दोन्ही काढून घेतात. माझं म्हणणं एवढंच आहे. तुम्हाला काय वाटतं लिहा.

रोजचा_प्रवासी :
धानोरीकर, तुमची तळमळ समजते पण मी सहमत नाही. कामानिमित्त महिन्यातून कितीदा तरी पुणे-दिल्ली, पुणे-बेंगळुरू करतो. रांगेत शेकडो लोक उभे असतात, त्यात म्हातारी माणसं, लहान मुलं, कोणाला ऑपरेशनला जायचंय. तिथे एका शिफ्टने बसून घ्यायचं ठरवलं तर आमचं काय? जर्मनीत २०२४ च्या १ फेब्रुवारीला नेमकं हेच झालं, वेर्डी युनियनने विमानतळ सुरक्षा कर्मचाऱ्यांचा संप केला आणि फ्रँकफर्ट, बर्लिन, हॅम्बुर्ग धरून अकरा विमानतळांवर एकाच दिवशी बोंब झाली. माझ्या मेहुण्याचं फ्लाईट रद्द झालं तेव्हा. शिस्तीच्या कामात हुकूम एकाचाच चालला पाहिजे. पगार चांगला द्या, अगदी दुप्पट द्या, माझी हरकत नाही, पण युनियन नको.

परदेशी_पुणेकर :
मी मूळचा सहकारनगरचा, सध्या वॉशिंग्टन राज्यात. प्रवासी भाऊ, तुम्ही म्हणता पगार द्या पण युनियन नको, इथे नेमकं तसंच चाललं होतं आणि पगार काही मिळाला नाही. टीएसएच्या लोकांना कित्येक वर्षं बाकीच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांपेक्षा कमी पगार होता, माणसं यायची, ट्रेनिंग घ्यायची आणि सोडून जायची, मशीनवर कायम नवीन माणूस. २०२३ च्या जुलैत त्यांना बाकीच्यांच्या बरोबरीची पगारश्रेणी मिळाली, काही जणांचा पगार ३० टक्क्यांपर्यंत वाढला, आणि त्यासाठी युनियन वर्षानुवर्षं खासदारांचे उंबरठे झिजवत होती. कराराचा आवाका कमी होता, पगार त्यात येतच नव्हता, तरी पाठपुरावा करायला कोणीतरी होतं ना.

दुसरं, रांगा लागायला संपच लागतो असं नाही. सरकारचं बजेट अडकलं की इथे शटडाऊन होतं आणि टीएसएवाल्यांना बिनपगारी ड्युटी करावी लागते. पैसे मागाहून मिळतात पण घरभाडं काही मागाहून चालत नाही. २०१८-१९ ला ३५ दिवस, २०२५ ला १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस. त्या २०१९ च्या जानेवारीत लोकांकडे पेट्रोलला, मुलांना सांभाळणाऱ्या बाईला द्यायला पैसे नव्हते, रोज कितीतरी जण सिक लीव्ह टाकायचे, मायामीला एक अख्खा कॉनकोर्स (गेट असलेला टर्मिनलचा भाग) लवकर बंद करावा लागला. कोणी संप पुकारला नव्हता. विमानतळावर या लोकांसाठी धान्याची पाकिटं गोळा करून ठेवली होती, ते बघून फार वाईट वाटलं. सुरक्षा सुरक्षा म्हणायचं आणि सुरक्षा करणाऱ्याला शिधा वाटायचा.

धानोरीकर :
@परदेशी_पुणेकर, फार महत्त्वाचं लिहिलंत.

@रोजचा_प्रवासी, जर्मनीतले तपासणीवाले खाजगी कंपन्यांचे नोकर आहेत, त्यांना संपाचा हक्क आहे, त्यांनी वापरला. अमेरिकेत केंद्रीय कर्मचाऱ्याला संप करायला कायद्यानेच बंदी आहे, युनियन असली तरी. १९८१ च्या ऑगस्टमध्ये एअर ट्रॅफिक कंट्रोलर संपावर गेले तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि मग ११ हजारांवर लोकांना घरी बसवलं. म्हणजे टीएसएची युनियन संप करून विमानतळ बंद पाडेल ही भीती त्यांच्या बाबतीत लागूच नाही. २०२४ च्या करारात काय होतं बघा. तक्रार आली तर ती किती टप्प्यांत निकाली काढायची, लवादाकडे कशी न्यायची, शिफ्टची अदलाबदल कशी करायची, युनिफॉर्मचा भत्ता, बर्फवादळात ड्युटीवर पोचता आलं नाही तर रजा, मूल गेलं तर आईबापाला रजा. यातल्या कशाने देश धोक्यात येतो ते मला कोणीतरी सांगा.

सातारची_लेक :
मी सहसा इथे फक्त वाचते पण आज लिहितेय. माझे मिस्टर सीआयएसएफमध्ये (आपल्याकडे विमानतळांची सुरक्षा बघणारं केंद्राचं दल) आहेत, सध्या एका विमानतळावर आहेत, कुठल्या ते लिहीत नाही. त्यांना सोशल मीडियावर काही बोलता येत नाही, मी लिहितेय ते माझं.

धानोरीकर दादा, तुम्ही अमेरिकेचं सांगितलंत, आपल्याकडे तर विषयच बंद आहे. लोकांना वाटतं जवान म्हणजे त्याला सगळं मिळतं. सुट्ट्यांच्या सीझनला गर्दी वाढली की रजा बंद, दिवाळीला गर्दी वाढली की रजा बंद, म्हणजे मुलांना शाळेची सुट्टी असते तेव्हा बाप घरी नसतोच. आठ-आठ तास उभं राहून माणसांच्या अंगावरून हात फिरवायचा, कोणी शिव्या देतं, कोणी व्हिडिओ काढतं, आणि चेहरा शांत ठेवायचा. युनिटमध्ये सैनिक संमेलन होतं, तिथे उठून अडचण सांगता येते, नाही असं नाही आणि काही साहेब खरंच ऐकतात. पण एकट्याने उभं राहून बोलायचं, समोर तोच अधिकारी ज्याच्या हातात तुमची रजा आणि तुमचा रिपोर्ट. किती जण बोलतील?

आणि पेन्शनचं बघा. संघटना करायची म्हटलं की तुम्ही सशस्त्र दल, म्हणून बंदी. २००४ नंतर भरती झालेल्यांनी जुनी पेन्शन मागितली की सरकार म्हणतं ती लष्कराला, तुम्हाला नाही. दिल्ली हायकोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं होतं की ही दलं पण संघराज्याची सशस्त्र दलंच आहेत, जुनी पेन्शन द्या, त्याला पुढे सुप्रीम कोर्टात स्थगिती आली. सैन्यातल्यासारखे नियम लावता तर सैन्यातल्यासारखं द्या ना.

कोर्टकचेरी :
ताई, तुमचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनेही रास्त आहे. बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी.

सीआयएसएफचा कायदा १९६८ चा, दल उभं राहिलं १९६९ ला, मूळ काम सरकारी कारखान्यांची राखण. तेव्हा ते सशस्त्र दल म्हणून घोषित नव्हतं. १९७९ च्या जूनमध्ये बोकारो स्टील प्लांटमध्ये जवानांनी आपल्या संघटनेसाठी आणि मागण्यांसाठी आंदोलन केलं, ते चिघळलं, शेवटी लष्कर घातलं आणि माणसं मेली. त्यानंतर १९८३ च्या दुरुस्तीने सीआयएसएफला संघराज्याचं सशस्त्र दल केलं. बोकारोच्या बडतर्फ जवानांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालात ते आहे, कोर्टाने चौकशीशिवाय बडतर्फी वैध ठरवली. आपल्या महाराष्ट्रातही १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना पकडलं, शहरात दंगल झाली आणि तिथेही लष्कर आलं. या दोन घटनांची भीती सरकारच्या मनात अजून आहे असं माझं मत.

घटनेचं कलम ३३ संसदेला सशस्त्र दलं आणि पोलिसांचे मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा देतं. त्यामुळे कायदा घटनाबाह्य आहे असं म्हणून काही होणार नाही. प्रश्न धोरणाचा आहे. जगातही असंच आहे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार संघटना आणि सामूहिक वाटाघाटींचे आहेत, त्यातही पोलिस आणि सैन्याचं काय करायचं ते देशांवर सोडलंय. भारताने आणि अमेरिकेने हे दोन्ही करार मंजूरच केलेले नाहीत.

एक मात्र लक्षात घ्या. विमानतळावर सीआयएसएफ नेहमीपासून नव्हतं. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर ठरलं, २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून सुरुवात झाली, आधी राज्य पोलिस असायचे. काम तेच, बॅग तीच, फक्त गणवेश बदलला की हक्क बदलतो.

परदेशी_पुणेकर :
@कोर्टकचेरी, हे तर इथेही आहे. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या काही विमानतळांवर टीएसएच्या देखरेखीखाली खाजगी कंपनीचे तपासनीस असतात. २००६ मध्ये कॅन्सस सिटीच्या अशाच खाजगी तपासनिसांच्या केसमध्ये इथल्या कामगार मंडळाने निर्णय दिला की त्यांना युनियन करता येईल. म्हणजे २००६ ते २०११ या काळात एका विमानतळावरचा खाजगी तपासनीस युनियनमार्फत बोलणी करू शकत होता आणि दुसऱ्या विमानतळावर तेच मशीन बघणारा सरकारी तपासनीस करू शकत नव्हता. सुरक्षेला धोका असता तर दोन्हीकडे असता.

नाईटड्युटी :
नमस्कार सर्वांना मी गार्ड आहे सध्या खराडीला आयटी कंपनीच्या गेटवर, आधी एजन्सीकडून विमानतळाच्या बाजूला पार्किंग आणि बाहेरच्या कामाला होतो. तुम्ही सगळे टीएसए सीआयएसएफ बोलताय पण आमचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो चुकलं तर सांगा. आम्हाला कायद्याने युनियन करायला बंदी नाहीये हे मला माहीत आहे पण करणार कशी. बारा तास ड्युटी, रिलिव्हर आला नाही तर पुढचे बारा पण आपणच, त्याला डबल म्हणतात पण पैसे सिंगलच्याच रेटने. युनिफॉर्म बुटाचे पैसे पगारातून कापतात. टेंडर बदललं की नवीन एजन्सी येते, माणसं तीच ठेवतात पण जॉइनिंग नवीन, पीएफचं खातं नवीन काढतात जुनं जोडत नाहीत, त्यामुळे ग्रॅच्युइटीची पाच वर्ष कधीच भरत नाहीत कारण टेंडर तीन वर्षाचं. आणि ज्याने चार पोरं जमवून सुपरवायझरला विचारलं त्याला दुसऱ्या दिवशी लांबची साईट देतात, मी वडगाव शेरीला राहतो मला तळेगाव दिलं होतं. ज्याच्याशी बोलायचं तो एजन्सीवाला म्हणतो कंपनी रेट देत नाही, कंपनीचा ॲडमिन म्हणतो तुम्ही आमचे नाहीच एजन्सीला विचारा. मग बोलणी करायची कोणाशी.

चहापोळी :
हे वाचून कसंतरीच झालं हो. आमच्या सोसायटीच्या गार्डदादांना पण असंच असणार, आम्ही एजन्सीला महिन्याला रक्कम देतो आणि त्यातले त्यांच्या हातात किती पडतात हे कधी कमिटीत विचारलंच गेलं नाही. येत्या जनरल बॉडीत मी हा मुद्दा घेणार आहे, पगाराची स्लिप आणि पीएफचं चलन बघितल्याशिवाय बिल पास करायचं नाही असा ठराव मांडते.

धानोरीकर :
@नाईटड्युटी, दादा तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचाच आहे. विमानतळावरही हळूहळू हाच प्रकार वाढतोय म्हणून मला काळजी. केंद्राने ठरवलं की सीआयएसएफची विमानतळांवरची ३,०४९ पदं रद्द करायची आणि जिथे हत्याराची गरज नाही तिथे १,९२४ खाजगी सुरक्षा रक्षक घ्यायचे, रांग लावणं, प्रवाशाला दिशा दाखवणं वगैरे. खर्च वाचतो हे मान्य. पण जवानाला बोलायला बंदी आणि त्याच्या जागी जो येतो त्याला बोलायला माणूसच समोर नाही, म्हणजे दोन्हीकडून बोलणी संपली.

बोलणी कोणाशी हा प्रश्न पुण्याने एकदा सोडवलाय. मार्केट यार्डातल्या हमालाला तरी कुठे एक मालक होता? सकाळी या गाळ्यावर पोती, दुपारी त्या गाळ्यावर. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि हमालीचे दर व्यापाऱ्यांबरोबर बसून ठरवून घ्यायची पद्धत पडली. मग १९६९ चा माथाडी कायदा आला, त्यात मंडळ मधे आलं, मजुरी मंडळात जमा, लेव्ही (मजुरीवर मालकाने भरायची जादा रक्कम) मंडळात जमा, पीएफ-ग्रॅच्युइटी मंडळाकडून. गाळा बदलला तरी माणसाची नोकरी तुटत नाही. त्याच धर्तीवर १९८१ ला सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला. बाबांच्या पिढीने हे मिळवलं तेव्हा हमाल शिकलेले नव्हते, मोबाईल नव्हते, ग्रुप नव्हते. आज गार्ड लोक बारावी झालेले, काही जण ग्रॅज्युएट आहेत आणि तरी एकेकटे. याचा मला खरंच राग येतो.

रोजचा_प्रवासी :
नाईटड्युटींचा प्रतिसाद वाचला. डबल ड्युटीत चोवीस तास जागा असलेला माणूस गेटवर असणं हे प्रवाशासाठी पण धोक्याचं आहे, हे मला मान्य. तरी मी मशीनवर बसणाऱ्यांच्या संपाच्या विरोधातच राहणार. पण धानोरीकर म्हणतात तसं संप वगळून बोलणी, आणि अडलं तर त्रयस्थ माणसाने निकाल द्यायचा, वेळेच्या आत द्यायचा, असं असेल तर माझा विरोध नाही. मात्र निकाल सरकारवर बंधनकारक हवा, नाहीतर संप पण नाही आणि निकाल पण नाही असं होईल.

सातारची_लेक :
@रोजचा_प्रवासी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. आमच्या लोकांना संप नकोच आहे दादा, कोणी मागतही नाही. निवडून दिलेले चार प्रतिनिधी असावेत, ज्यांची त्या कारणावरून बदली होणार नाही, आणि त्यांनी रजा, क्वार्टर, ड्युटीचे तास यावर वर्षातून ठरल्या वेळी बोलावं आणि त्याचं लेखी उत्तर यावं. बाकीच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६६ पासून जेसीएमची व्यवस्था आहे, कर्मचारी आणि सरकार समोरासमोर बसतात, मग जवानांसाठी तसं काही का नसावं.

कोर्टकचेरी :
नाईटड्युटी, आता तुमच्यासाठी कामाचं लिहितो.

सुरक्षा रक्षक मंडळ पुण्यात आहे. मंडळात नोंद असेल तर तुमचा पगार मूळ कंपनी (जिच्या गेटवर तुम्ही उभे राहता ती) मंडळाकडे भरते. पण त्या १९८१ च्या कायद्याच्या कलम २३ खाली एजन्सीच्या रक्षकांना सूट मिळू शकते, अट अशी की त्यांना मिळणारे फायदे मंडळापेक्षा कमी नसावेत. तुमच्या एजन्सीला सूट आहे का हे मंडळात अर्ज देऊन विचारा. सूट असेल आणि फायदे कमी असतील तर तीच तुमची केस.

दुसरं, ठेकेदाराने पगार थकवला किंवा कमी दिला तर मूळ कंपनीने तो द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या कामगार संहितेतही ठेवलीय. त्यामुळे ॲडमिन साहेबांचं तुम्ही आमचे नाहीच हे उत्तर पगाराच्या बाबतीत चालत नाही. जास्तीच्या तासांना दुप्पट दर द्यायचा असतो, सिंगल नाही.

तिसरं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात ५१ टक्के कामगार ज्या युनियनच्या मागे आहेत तिलाच बोलणीचा एकटीला हक्क, तेवढे नसतील तर २० टक्क्यांवरच्या युनियनची मिळून परिषद. संपाच्या आधी नोटीस द्यायची आणि नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबायचं, आणि निम्म्या लोकांनी एकदम कॅज्युअल रजा टाकली तरी तो संप धरला जातो, हे विशेष लक्षात ठेवा, रागाच्या भरात सगळ्यांनी दांडी मारू नका. नोटिसीविना दांडी म्हणजे बेकायदा संप, त्यात नुकसान तुमचंच.

नाईटड्युटी :
खूप आभार साहेब. आमच्या साईटला तीन शिफ्ट मिळून बरेच जण आहोत पण स्लिप कोणालाच देत नाहीत नुसता बँकेत पगार येतो मेसेज येतो, मग किती कापलं कशाचं कापलं ते कळत नाही, अर्ज द्यायला स्लिप लागेल का.

कोर्टकचेरी :
स्लिप न देणं हाच एक वेगळा गुन्हा आहे, तो अर्जात पहिला लिहा. बँकेचं स्टेटमेंट, पीएफचा यूएएन नंबर टाकून निघणारं पासबुक, आयकार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि ड्युटी रजिस्टरच्या पानाचा फोटो मिळाला तर तो, एवढ्यावर अर्ज घेतात. एकट्याच्या नावाने देऊ नका, जितक्या सह्या मिळतील तितक्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.

धानोरीकर :
नाईटड्युटी दादा, अर्जाचा मसुदा मी करून देतो, आमच्या कमिटीत हेच काम माझ्याकडे होतं. मेसेज केलाय बघा. रविवारी सकाळी रात्रपाळी सुटल्यावर तुमच्यातले जेवढे येतील तेवढे या, खराडी बायपासला भेटू, पासबुकं फोनवर उघडून ठेवा म्हणजे तिथल्या तिथे रकमा लिहून घेता येतील. सातारच्या ताई, जेसीएमसारख्या व्यवस्थेच्या मागणीचं निवेदन आपल्या खासदारांना द्यायचं असेल तर तेही लिहू, त्यावर सही जवानांची नको, आपण नागरिकांनी करायची.

रोजचा_प्रवासी :
त्या निवेदनावर माझी सही धरा. बंधनकारक लवादाचा मुद्दा मात्र त्यात हवाच.